डावा दिवा

धुळे
१२ मार्च १९९२

नाना,

'सप्रेम नमस्कार' लिहायला बसले आणि पेन थांबलं. आठ वर्षांत तुझ्यामाझ्यात प्रेम कुठे दिसलं नाही, तेव्हा कागदावर तरी ते कशाला? नमस्कार तेवढा घे, मोठा आहेस.

आबांची गाडी विकतोयस असं कळलं. कोणी सांगितलं ते विचारू नकोस, भडगावची बातमी धुळ्याला यायला एक एसटी पुरते. मुंबईचा कोणी जुन्या गाड्या जमवणारा शौकीन आहे म्हणे. वीक, गाडी तुझ्या नावावर आहे. गोठ्यात उभी आहे आणि कोंबड्या तिच्या मागच्या सीटवर अंडी घालतात, हेही माझ्या कानावर आलं आहे. भडगावातला एकही नवरदेव त्या लँडमास्टरमध्ये बसल्याशिवाय मांडवाकडे गेला नाही. दर आखाजीच्या सणाला आबा तीच गाडी घेऊन मला माहेरी न्यायला यायचे आणि आमच्या गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायच्या. आता तिच्यात कोंबड्या. बरं आहे.

माझं मागणं एकच आहे. गाडी द्यायच्या आधी तिचा मागचा डावा दिवा उघड. एकट्याने नको. गावातली पाच माणसं उभी कर, त्यातला एक तरी वायरिंग समजणारा असू दे. उजवा दिवा ट्रकने चुरा केला, पण डावा शाबूत राहिला, हे मी तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यात यांच्या हातचं काम जसंच्या तसं असेल. वायर निसटलेली निघाली, जोडाचा डाग सुटलेला निघाला, तर मी पुन्हा तुझ्या दाराकडे बघणार नाही. पण काम चोख निघालं, तर तू धुळ्याला यायचं आणि यांची माफी मागायची.

कशाची माफी, असं विचारशील. तुझी विसरायची हातोटी मला ठाऊक आहे, म्हणून आठवण देते. चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत गिरणेच्या काठी आबांचा दहावा होता. पिंड मांडलेला, कावळ्याची वाट बघत अर्धं गाव वाळूत बसलेलं. ट्रकवाल्याने पंचनाम्यात लिहून दिलं होतं की पुढच्या गाडीचा ब्रेकचा दिवा लागलाच नाही. दोन महिन्यांपूर्वी त्या गाडीचे मागचे दिवे यांनी नवे करून दिले होते. तू उठलास, जावयाकडे बोट केलंस आणि सगळ्यांदेखत म्हणालास, "ज्याना हातघाई आबा गया, त्याना पाय आते मना घरमा नही पडाले जोयजे." परमुलखातल्या ट्रकवाल्याचा शब्द तुला खरा वाटला, आणि मेव्हण्याला तू एक प्रश्नसुद्धा विचारला नाहीस. हे मान खाली घालून उठले आणि वाळूतून चालत एसटी स्टँडकडे गेले. मी त्यांच्या मागे. कावळा शिवला की नाही, ते मला अजून माहीत नाही.

त्या संध्याकाळचं तुला मी कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलंच नाहीस. आता ऐक. आबा बाजारातलं काम उरकून आमच्या दुकानावर आले. हे सोनगीरला गेले होते, हायवेवर कोणाची तरी जीप बंद पडली होती. आबांनी चहा घेतला, शेंगदाण्याचे दोन लाडू खाल्ले आणि फार रात्र व्हायच्या आधी घर गाठतो म्हणत दिवे लावून निघाले. मी रस्त्यावर उभी होते. मागचे दोन्ही दिवे लख्ख पेटले होते. आबा स्वतः म्हणाले, "कितला लख्ख लागनात व वच्छी! आते लांबथून दिसतीन." त्यानंतर अर्ध्या तासात, फागण्याच्या पुढे मेंढरं आडवी आली म्हणून आबांनी ब्रेक मारला आणि मागून ट्रकने दिली. अर्ध्या तासापूर्वी जे दिवे लख्ख होते, त्यांची वायरिंग खराब होती म्हणतोस? कोणत्या तोंडाने?

मायला सांग, मी बरी आहे.

वच्छला

---

धुळे
२९ मार्च १९९२

नाना,

उत्तर नाही. नसू दे. मला वाटलंच होतं. पण पोस्टमन आला की मी दारात जाते आणि त्याचा राग तुझ्यावर काढते, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

हे आता काय करतात माहीत आहे? पिठाची गिरणी चालवतात, दुसऱ्याची. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. 'कौतिक ऑटो इलेक्ट्रिक' ही आमच्या दुकानाची पाटी माझ्या पलंगाखाली आहे, भिंतीकडे तोंड करून. दहाव्यावरून परत आल्यावर ट्रकवाले, जीपवाले महिनाभर येत राहिले. हे प्रत्येकाला सांगायचे, दुसरीकडे दाखवा. ज्या माणसाने इंजिनाच्या आवाजावरून डायनॅमो चार्ज करतोय की नाही ते ओळखलं, तो आता बाजरी आणि दादर ज्वारी वेगवेगळी दळायची एवढंच बघतो. भुवयांवर पीठ घेऊन घरी येतो. मी किती वेळा म्हटलं, चला भडगावला, दिवा उघडून दाखवू. दर वेळी एकच उत्तर, "ऱ्हावू दे. उघाडीसन काय भेटनार शे?" मी भांडले, रडले. भित्रा म्हटलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं. हे जेवत राहिले. अशा माणसाशी भांडणं म्हणजे भिंतीशी भांडणं, आणि तू मला त्या भिंतीशी आठ वर्षं भांडायला लावलंस.

त्यांनी काम कसं केलं होतं, ते तुला माहीत नाही. तू तेव्हा नुसता गाडीत बसून हॉर्न वाजवत होतास. मूळचे मागचे दिवे म्हणजे देव्हाऱ्यातली निरांजनं. आबांना सत्तरी जवळ आलेली, हायवेवर ट्रक वाढलेले, ब्रेकचा दिवा लागला काय अन् न लागला काय, मागच्याला कळायचंच नाही. यांनी दोन्हीकडचं सगळं काढलं. कापडाच्या वेष्टणाच्या जुन्या वायरी हातात घेतल्या की त्यांचा भुगा व्हायचा. त्या काढून समोरच्या डॅशबोर्डपासून मागच्या डिकीपर्यंत नव्या ओढल्या. गाडीच्या पत्र्याला गंज होता, म्हणून पत्र्यावर भरवसा न ठेवता दोन्ही दिव्यांना वेगळी अर्थिंगची वायर दिली. प्रत्येक जोडाला कथलाचा डाग, नुसती पिळून टेप गुंडाळलेली एकही वायर नाही. आणि दोन तारांचा बल्ब बसवला. एकाच बल्बात एक बारीक तार अंधारात गाडी दिसायला, एक जाड तार ब्रेकला. दिवे चालू असताना ब्रेक दाबला की उजेड एकदम वाढतो आणि मागचा सावध होतो. तीन दिवस लागले. तीन दिवस मी त्यांना डबा दुकानात नेऊन दिला, म्हणून मला हे माहीत आहे.

शेवटी काय केलं असेल? खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली! ही त्यांची जुनी खोड. दिव्याचं काम झालं की होल्डरवर लाल ठिपका, बल्बच्या पितळेवर लाल ठिपका, सुईच्या टोकाएवढा. मी चेष्टा करायची, बायकोला कधी नेलपॉलिश आणलं नाही आणि दिव्यांना कुंकू लावता. नव्या वस्तूला आपण कुंकू लावतोच की, सायकल आणली तर सायकलला, शिलाईचं मशीन आणलं तर मशीनला. हे नुसते हसायचे. इतक्या भक्तीने केलेलं काम फसतं होय?

तू म्हणशील, दोन महिन्यांत काहीतरी बिघडलं असेल. तेही सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी उकरून काढायला नको. त्या संध्याकाळी आबा आले तेव्हा एका बाजूचा बल्ब गेलेला होता. हे नव्हते. मी बदलला. बदलला म्हणजे दोन्ही बदलले, कारण हे नेहमी जोडीने बदलत. बल्ब बदलणं हे काही वायरिंग नाही. दोन स्क्रू काढायचे, काच बाजूला करायची, बल्ब दाबून फिरवायचा. घरातला बल्ब तू बदलतोस की नाही? तसंच. मी दिवे लावून बघितले, लागले. बंद केले, ब्रेक दाबून बघितला, आबा मागे उभे होते, त्यांनी सांगितलं लागला म्हणून. हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

उत्तर दे.

वच्छला

---

धुळे
१४ एप्रिल १९९२

नाना,

तुझं कार्ड मिळालं. आठ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि आधी डोळे भरून आले. मग वाचलं.

'गाडी जळगावला वायरिंगला टाकली आहे. घेणाऱ्याला मागचे दिवे, इंडिकेटर, सगळं नवीन करून हवं. माय रोज तुझं नाव काढते. झालं ते झालं. आखाजीला मी स्वतः तुला न्यायला येतो. तू एकटी ये. त्यांना आणू नकोस, लोक अजून विसरलेले नाहीत.'

लोक विसरलेले नाहीत! लोकांना आठवणीत राहील असं बोललं कोणी? मी वाळूत बसून ओरडले होते का?

आठ आखाज्या गेल्या. शेजारच्या प्रत्येक सुनेला न्यायला कोणी ना कोणी येतं. भाऊ नसेल तर चुलतभाऊ, तोही नसेल तर गावातला कोणी जाणारा-येणारा. मी आखाजीच्या आदल्या दिवशी मुद्दाम गोधड्या धुवायला काढते. कोणी विचारलं की म्हणायचं, यंदा कामं फार आहेत. आठ वर्षं तीच गोधडी धुते आहे. गेल्या वर्षी समोरची बेबाबाई म्हणाली, "व बाई, तुन्या गोधड्या आखाजीलेच बऱ्या मळतस!" तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. तिला काय माहीत, कडुलिंबाला झोका बांधला की मी कशी उंच जायचे आणि तू खाली घाबरून ओरडायचास.

आणि तू मला म्हणतोस एकटी ये. मी येईन, सांजोऱ्या खाईन, झोक्यावर बसेन, आणि माझा नवरा इथे गिरणीतून येऊन शिळी भाकरी खाईल. तुझ्या घरात चोरासारखी शिरायची माझी तयारी नाही. आम्ही दोघं येऊ, नाहीतर कोणी येणार नाही.

आता माझी बातमी ऐक, तुला गंमत वाटेल. जळगावला अजिंठा रोडवर ज्या दुकानात तू गाडी टाकलीस, त्या दुकानाचा मालक अन्वर, तो सहा वर्षं यांच्या हाताखाली शिकला आहे. तुला ते माहीत नव्हतं, म्हणून तुझ्या हातून एक चांगली गोष्ट घडली. त्याने गाडी ओळखली. त्याचं पत्र आलं आहे. 'भाभी, डाव्या दिव्याचा स्क्रूसुद्धा मी हलवलेला नाही. तुम्ही आल्याशिवाय उघडणार नाही.' यांना मी सांगितलेलं नाही, सांगितलं की म्हणतील ऱ्हावू दे.

मी रविवारी, १९ तारखेला जळगावला जाणार आहे. तूही ये. पाच माणसं नकोत, तू एकटा पुरेसा आहेस. समोर उभा राहा आणि बघ. मग आखाजीचं बोलू.

वच्छला

---

जळगाव
१९ एप्रिल

तू आला नाहीस.

डावा दिवा उघडला. बाकी नंतर लिहीन. आखाजीला मला न्यायची घाई करू नकोस.

व.

---

धुळे
२९ एप्रिल १९९२

नाना,

दहा दिवस झाले. रोज कागद घेते आणि ठेवून देते. आज सगळं लिहून मगच उठणार आहे. मध्येच फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

त्या रविवारी तू आला नाहीस, म्हणून दुकानात मी आणि अन्वर, एवढेच होतो. गाडीचा रंग पार उडालाय, सीटमध्ये कोंबड्यांची पिसं. डाव्या दिव्याचे स्क्रू गंजले होते, तेल सोडून पाच मिनिटं थांबावं लागलं. काच निघाली. आत यांचं काम होतं. नाना, आठ वर्षांनी ते काल केल्यासारखं होतं. डाग चकचकीत, वायरी सरळ, अर्थिंगचा नट घट्ट. अन्वरने बोट फिरवलं आणि म्हणाला, "उस्ताद का काम है, भाभी." मी रडले. मला वाटलं, जिंकले. तू समोर असतास तर मी तुझी कॉलर धरून तुझं डोकं त्या दिव्यात घातलं असतं.

मग अन्वरने बल्ब काढून हातात धरला. त्याच्या पितळेवर लाल ठिपका होता. पण यांच्यासारखा सुईच्या टोकाएवढा नव्हता. टिकलीएवढा होता, जाड. तो माझा होता. त्या संध्याकाळी मीच टेबलावरची नेलपॉलिशची बाटली घेऊन दोन्ही नव्या बल्बांना लावला होता, पुढच्या बाजूने, दिसेल असा. यांचं काम आहे, तर यांच्या पद्धतीने कुंकू लागलंच पाहिजे, असं मला वाटलं होतं.

अन्वरने तो ठिपका होल्डरच्या ठिपक्याशेजारी धरून पाहिला. मग त्याने विचारलं, "भाभी, ये ठिपके का मतलब उस्तादने आपको नहीं बताया?"

मतलब असा होता. त्या होल्डरच्या दोन्ही खाचा सारख्या उंचीच्या. बल्ब दोन्ही बाजूंनी बसतो, सुलटा बसतो तसाच उलटाही बसतो. तेव्हा धुळ्यात दुसरे होल्डर मिळत नव्हते, कबाड्याकडून आणलेले तेच. म्हणून हे बल्बची जाड तार कोणत्या बाजूला आहे ते बघून तिथे ठिपका द्यायचे आणि होल्डरच्या ठिपक्याला तो जुळवून बसवायचे. अन्वर शिकायला आला त्याच आठवड्यात त्याने विचारून घेतलं होतं. मी सोळा वर्षं संसार केला आणि चेष्टा केली.

तरी मी म्हटलं, बॅटरी जोड. माझ्या नशिबाने सुलटा बसला असेल. तो पुन्हा होता तसाच बसवला. त्याने दिवे लावले, जाड तार पेटली, लख्ख. दिवे तसेच ठेवून ब्रेक दाबला. बारीक तार पेटली. जाड तारेच्या उजेडापुढे ती दिसलीसुद्धा नाही. मी चार हातांवर उभी होते, नाना, डोळे फाडून बघत होते, आणि ब्रेक दाबलेला मला कळला नाही. तो ट्रकवाला चालत्या गाडीतून काय बघणार होता? त्याने खोटं सांगितलं नव्हतं.

आबा म्हणाले होते, कितला लख्ख लागनात. मी ते तुला पुरावा म्हणून लिहिलं. लख्ख लागायला नको होते. एक दिवा लख्ख आणि एक मंद असता तर आबांच्या तेव्हाच ध्यानात आलं असतं, म्हणजे उजवाही मी तसाच बसवला होता. दोन्ही माझ्याच हाताने. हे काम झालं की मला गाडीच्या मागे उभं करायचे, आधी दिवे लावायचे आणि ते तसेच ठेवून ब्रेक दाबायचे. विचारायचे, "वाढना का?" मी सांगायचे, वाढला. दर वेळी तेच. मी त्या दिवशी दिवे बंद केले, कशाला बॅटरी खर्च करा म्हणून, मग ब्रेक दाबला आणि आबांना विचारलं, "लागला का?" आबा म्हणाले, "लागना." मी चुकीचं विचारलं. आबांनी बरोबर सांगितलं.

अन्वर भला माणूस आहे. त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि हळूच म्हणाला, "भाभी, आधा फेरा घुमा देता हूँ. फिर बुलाओ जिसको बुलाना है. उस्ताद का नाम साफ." अर्धा फेरा, बस. बल्ब सुलटा झाला असता, तुझी पाच माणसं आली असती, काम चोख निघालं असतं, ट्रकवाला खोटारडा ठरला असता, तू माफी मागितली असतीस आणि आम्ही दोघं आखाजीला आलो असतो. खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. मी त्याला थांब म्हटलं नाही. तो बल्बला हात लावणार तेवढ्यात मला दहाव्याची वाळू आठवली आणि यांची खाली गेलेली मान. मी म्हटलं, अन्वरभाई, तो बल्ब मला काढून द्या. आता तो माझ्या पाकिटात आहे, हातरुमालात गुंडाळलेला.

सोमवारी गिरणीवर गेले. दळणाला रांग होती, पट्टा फिरत होता, ओरडून बोलावं लागत होतं. मी ओरडले नाही, नुसता रुमाल उघडून दाखवला. यांनी बल्ब हातात घेतला, ठिपका पाहिला, आणि पट्टा बंद केला. रांगेतल्या बायका कुरकुर करायला लागल्या.

"माले तवयच समजनं व्हतं," हे म्हणाले.

त्या रात्री सोनगीरहून आल्यावर टेबलावर जुने बल्ब आणि नव्यांचं रिकामं खोकं बघून यांनी मला विचारलं होतं, "ठिपका कोनीकडे ठेवा व्हता?" मी ऐटीत सांगितलं होतं, समोर, दिसेल असा. हे लगेच सायकल घेऊन निघाले, की पारोळ्याला तरी आबा थांबले असतील. फागण्यावरूनच अपघाताची बातमी घेऊन परत आले. म्हणजे आबा गेल्याचं मला सांगायच्या आधीपासून यांना माहीत होतं की कोणी काय केलं.

मी विचारलं, "मंग बोलनात का नही?"

"तुना बाप गया व्हता. त्यावर आखो हाई बी कसाले?"

एवढंच. मग पट्टा सुरू केला.

तुला वाटेल मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असेल. नाही ठेवलं. मला राग आला, अजून आहे. माझी चूक मला न विचारता यांनी उचलली, तुझा शाप घेतला, माझ्या आठ वर्षांच्या शिव्या खाल्ल्या, आणि मला आरशात निर्दोष बाई बघू दिली. मी त्यांना भित्रा म्हणत होते तेव्हा हे माझ्याच हातची भाकरी मुकाट्याने खात होते. यांना देव म्हणायला मी तयार नाही. पण तू दहाव्याला जे बोललास ते मी रोज उठून पुन्हा ऐकते. ज्याच्या हाताने आबा गेले. तो हात यांचा नव्हता. हा जो पत्र लिहितोय, तो होता.

आणि तू अर्धा खरा निघालास म्हणून मिशीवर ताव देऊ नकोस. तू तेव्हा नुसतं एवढं विचारलं असतंस, की भाऊजी, त्या दिवशी दिव्याला हात कोणी लावला होता, तर हे खोटं बोलले नसते. यांना खोटं बोलता येत नाही, गप्प बसता येतं. तू विचारलं नाहीस. मीही सोळा वर्षं ठिपक्याचं विचारलं नाही. आपण आबांची मुलं शोभतो, आपल्याला सगळं माहीतच असतं.

गाडीचं काम झालं आहे. मागचं मीच केलं, अन्वरच्या शेजारी बसून, तीन दिवस जाऊन-येऊन. नवे होल्डर लावले. या होल्डरांची एका बाजूची खाच वर आणि एका बाजूची खाली असते, बल्ब उलटा बसवायचा म्हटला तरी बसत नाही. दोन्ही बाजूंना नारिंगी इंडिकेटर लावले. वायर सगळी यांचीच ठेवली, तिच्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. ठिपका दिला नाही. आता त्याची गरज नाही.

५ मेला आखाजी आहे. तू मला न्यायला येणार होतास. ये. जीप आणू नकोस, अन्वरकडून आबांची गाडी घे, तीच घेऊन ये, मुंबईवाला काय दोन दिवस थांबेल. फक्त मला न्यायला येऊ नकोस, यांना न्यायला ये. जावयाला कोणी असं न्यायला येत नाही, हे मला कळतं. तरी ये. गल्लीसमोर गाडी उभी कर, हॉर्न वाजव, बायकांना दारात येऊ दे. यांच्या हाताला धरून पुढच्या सीटवर बसव. भडगावला पोचलास की उंबऱ्यावर पाणी घालून आत घे, आणि दहाव्याला जे लोक होते त्यांच्यासमोर हे पत्र मोठ्याने वाच. मायलाही ऐकव. तिला कळू दे, ती ज्या लेकीचं रोज नाव काढते तिने काय केलं.

मी येणार नाही. तुझाच शब्द आहे, ज्याच्या हाताने आबा गेले त्याचा पाय तुझ्या घरात पडायला नको. तो शब्द मागे घ्यायचा की नाही, ते तुझं तू आणि मायने ठरवा. मी त्यासाठी पत्र लिहिणार नाही.

एवढं मात्र कर. निघायला संध्याकाळ होईल, तेव्हा दिवे लाव, आणि कोपऱ्यावर वळायच्या आधी एकदा ब्रेक दाब. मी गाडीच्या मागे उभी असेन. या वेळी नीट बघेन.

वच्छला